होकुसाईने काढलेला आपला विडूडभ

जानेवारी २०२२ मधल्या लंडन ट्रिपमध्ये पूल, घड्याळ, राजवाडा वगैरे सगळं झालं, त्याचे फोटो सगळ्यांकडे असतात, ते सोडून देते. मला लिहायचंय ते ब्रिटिश म्युझियममधल्या होकुसाई ह्या एकोणिसाव्या शतकातल्या जपानी चित्रकाराच्या प्रदर्शनाबद्दल. नवरा आणि मुलगा ममी बघायला गेले, तिथली गर्दी बघून मी लांबूनच हात जोडले आणि सरळ वर रूम ९० गाठली.

१०३ चित्रं आणि एकेक जेमतेम पोस्टकार्डाएवढं. काचेला नाक लावल्याशिवाय काही दिसत नाही, त्यात मास्कमुळे चष्म्यावर वाफ. पुढचे लोक एकेका चित्रासमोर ठाण मांडून बसल्यासारखे, सरकतच नाहीत, मी मनात चरफडतेय आणि समोर आला विरूढक. मग मीही ठाण मांडलं, मागच्यांनी चरफडावं.

विरूढक म्हणजे आपला विडूडभ हो! कोसलचा राजा प्रसेनजित, त्याचा मुलगा. शाक्यांनी, म्हणजे बुद्धांच्या कुळाने, दासीची लेक राजकन्या म्हणून प्रसेनजिताला दिली, तिचा हा मुलगा, त्याचा आजोळी अपमान झाला आणि राजा झाल्यावर त्याने शाक्यांची कत्तल केली. लहानपणी विहारात ऐकलेल्या गोष्टीत तो अचिरावती नदीच्या पुरात सैन्यासकट वाहून जातो. होकुसाईने मात्र त्याच्यावर वीज पाडलीय आणि काय पाडलीय! सगळीकडे सुटलेल्या सरळ रेघांचा नुसता स्फोट, त्यात हा माणूस भिरकावला गेलाय. कपडे बघून कोसलचा राजा अजिबात वाटत नाही, पण त्या काळी जपान्यांना देश सोडायलाच बंदी होती, बिचारा होकुसाई कोसलची राजधानी श्रावस्ती बघणार कुठून.

आणि ह्या केसाएवढ्या रेघा खरं तर आपल्याला दिसायलाच नको होत्या. छापण्यासाठी असं पक्कं चित्र झालं की कोरणारा ते चेरीच्या लाकडावर पालथं चिकटवतो आणि कागदासकट कोरत जातो, ठसा तयार होईपर्यंत मूळ चित्राचा भुगा. कुनियोशी ह्या दुसऱ्या जपानी चित्रकाराने १८२७ च्या सुमारास सुइकोदेन ह्या चिनी कादंबरीतले गोंदवलेले वीर काढले ते एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, तुफान खपले, त्यांचेही कोरायला दिलेले कागद असेच लाकडावर संपले. विडूडभ वाचला कारण ज्या पुस्तकासाठी तो काढला ते ‘सगळ्याचं मोठं सचित्र पुस्तक’ कधी छापलंच गेलं नाही. ह्या सगळ्या चित्रांचा १९४८ मध्ये पॅरिसला लिलाव, मग गायब, २०१९ ला पुन्हा उगवली आणि २०२० मध्ये म्युझियमने घेतली. ज्याने कोणी ते छापलं नाही त्याचं भलं होवो, खरंच.

नऊ शेपट्यांची मायावी कोल्हीण पण होती तिथे, तिच्याही गोष्टीचा एक भाग भारतात घडतो, पण तिच्यासमोर धड उभंही राहता आलं नाही, खालून फोनवर फोन, मुलाला भूक लागलेली आणि ममींच्या गर्दीत नवऱ्याचा मूड कधीच गेलेला.