नव्या मशीनवर जुने टँक : माझा अनुभव

हल्लीचे टँकचे गेम वाईट आहेत असं मी म्हणणार नाही, दिसायला तर ते अफाट आहेत, चिखलात रुतलेल्या पट्ट्यासुद्धा वेगळ्या दिसतात, पण दर मॅचनंतर काहीतरी अनलॉक करा, काहीतरी अपग्रेड करा, रोज लॉगिन करा, या भानगडीचा मला वैताग आला होता. मला माझे जुने टँक पाहिजे होते. बॅटल सिटी, स्कॉर्च्ड अर्थ, एम१ टँक प्लाटून, पँझर जनरल, रेड अलर्ट, टोटल ॲनाय्हिलेशन आणि जमलं तर अटारीचा तो हिरव्या रेषांचा बॅटलझोन. म्हटलं एवढे जुने गेम, आजच्या मशीनला किस झाड की पत्ती, डबल क्लिक केलं की चालू. तसं काही होत नाही, आणि का होत नाही ते समजून घेण्यातच माझी बरीच रात्रपाळी झाली.

पहिली अडचण म्हणजे सीडी. नव्या मशीनला ड्राइव्हच नाही, मग यूएसबीवाला बाहेरचा ड्राइव्ह मिळवला. सीडीवर ओरखडे होते, त्यातल्या काही पहिल्या फटक्यात वाचल्या गेल्या आणि काहींना ड्राइव्ह नुसता घरघरत बसायचा. सीडी वाचली जातेय तोवर तिची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल, करून हार्ड डिस्कवर ठेवा, गेम नंतर खेळा, एवढं मी कुणालाही सांगेन. आणि इमेज करताना सरसकट आयएसओ फॉरमॅटमध्ये करू नका. टोटल ॲनाय्हिलेशन हा १९९७ चा गेम, त्याचं जेरेमी सोलचं ऑर्केस्ट्रा संगीत सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकच्या रूपात आहे, म्हणजे तीच सीडी म्युझिक प्लेअरमध्ये घातली तरी वाजायची. आयएसओमध्ये फक्त डेटा येतो, ट्रॅक गळतात, आणि मग गेम चालतो पण मुका. बिन-क्यू फॉरमॅटमध्ये केलं की सगळं येतं. लढाई पेटली की संगीत बदलणं हा त्या गेमचा अर्धा जीव आहे, ते नसेल तर काय मजा.

पुढचा अडथळा इन्स्टॉलर. रेड अलर्टची जुनी सीडी लावली, सेटअपवर क्लिक केलं तर विंडोज म्हणतं हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. गेमचा विंडोजवाला भाग ३२ बिटचा, तो चालू शकतो, पण त्याला कॉम्प्युटरवर उतरवणारा इन्स्टॉलर त्याहून जुन्या पद्धतीचा, १६ बिटचा, आणि ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्रॅम चालवायची सोयच नाहीये. म्हणजे घर ठीक आहे पण दाराची किल्ली लागत नाही. २००० च्या आसपासच्या काही गेममध्ये आणखी एक काटा असतो तो सेफडिस्कचा, म्हणजे ओरिजिनल सीडी आहे का हे तपासणारी यंत्रणा. तिचा ड्रायव्हर विंडोज १० पासून दिलाच जात नाही कारण त्याच्यात सुरक्षेच्या दृष्टीने भगदाड होतं, आणि त्याआधीच्या विंडोजवरही २०१५ च्या अपडेटने तो बंद केला. त्यामुळे पैसे देऊन घेतलेली अस्सल सीडी हातात असून गेम म्हणणार सीडी टाका. यावर डोकं आपटण्यात अर्थ नाही, त्यातले बरेच गेम आता डिजिटल दुकानांत ती तपासणी काढून मिळतात, तिथून घ्यावेत.

रेड अलर्टचं नशीब चांगलं. १९९६ चा हा गेम २००८ मध्ये फुकट वाटायला काढला होता, आणि २०२५ मध्ये तर मूळ सोर्स कोडच खुला केला. त्यामुळे लोकांनी त्याचे नव्या विंडोजवर चालणारे इन्स्टॉलर कधीच करून ठेवलेत. पण इन्स्टॉल झाल्यावर रंग बिघडले, हिरवळ जांभळट दिसायला लागली, कारण गेम २५६ रंगांच्या पॅलेटवर चालणारा आणि डायरेक्टड्रॉ नावाची जी जुनी चित्रं काढायची पद्धत तो वापरतो तिची आता फक्त नक्कल उरलीये. त्याला सीएनसी-डीड्रॉ नावाची एक छोटी फाइल गेमच्या फोल्डरमध्ये टाकली की झालं, रंग जागेवर, आणि गेमचा वेग बांधून ठेवायची सोयही तिच्यात आहे.

आता वेगाबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण हे सगळं करताना मला खरं काय हवं होतं ते तिथे कळलं. रंग, आवाज, रिझोल्यूशन यांचं एकवेळ चालतं. पण टँक जड वाटला पाहिजे. वळायला वेळ लागला पाहिजे, तोफ फिरेपर्यंत जीव टांगणीला लागला पाहिजे, एक गोळा सुटला की दुसरा भरेपर्यंत आपण उघडे आहोत याची भीती वाटली पाहिजे. आणि त्यातला बराचसा जडपणा त्या काळी मशीनच्या संथपणातून फुकट मिळायचा, हे मला आत्ता कळतंय.

हे सगळ्यात जास्त जाणवलं एम१ टँक प्लाटूनमध्ये. मायक्रोप्रोजचा १९८९ चा गेम, तुमच्याकडे चार एम१ टँक, प्रत्येकात चार माणसं, प्रत्येकाला नाव आणि हुद्दा, आणि मेला की मेला, पुढच्या लढाईत त्याच्या जागी कोणीतरी कच्चा येणार. कुठल्याही टँकच्या गनरच्या किंवा ड्रायव्हरच्या जागेवर उडी मारता येते, आणि नकाशावर जाऊन चारही टँकना हुकूम देता येतात. टेकडीच्या आड थांबायचं, फक्त टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, वर दिसेल असं, आणि वाट बघायची. आजच्या नजरेला ते डोंगर म्हणजे चार त्रिकोण आहेत, पण त्या त्रिकोणामागून टी-७२ या सोव्हिएत टँकची रांग निघाली की आजही हाताला घाम येतो.

तो डॉसबॉक्समध्ये चालवावा लागतो. डॉसबॉक्स म्हणजे विंडोजच्या आधीच्या, डॉसवाल्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम, त्याला एक फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट करून द्यायचा आणि आत जाऊन गेमची फाइल चालवायची, एवढं सोपं आहे. खरी गोम सायकल्समध्ये, म्हणजे त्या नकली प्रोसेसरने किती जोरात पळायचं तो आकडा. ऑटोवर ठेवलं तर असल्या जुन्या गेमना डॉसबॉक्स साधारण ३००० देतो, त्यात माझा गेम धापा टाकायला लागला. वैतागून मॅक्स केलं तर साठ टनांचा टँक स्कूटरसारखा पळायला लागला, बाणाची की जरा दाबली की टरेट शत्रूच्या पार पलीकडे. मग कंट्रोल आणि एफ१२ ने वाढव, कंट्रोल आणि एफ११ ने कमी कर, असं गेम चालू असतानाच करत राहिलो, रेडिओवर स्टेशन शोधतात ना तसं नाही म्हणणार, पण कान लावूनच करायचं काम आहे हे खरं. साडेचार हजाराच्या आसपास कुठेतरी टँकला वजन आलं. तुमचा आकडा वेगळा निघेल, कारण तुम्ही ज्या मशीनवर खेळलात त्याचा वेग तुमच्या बोटांत बसलेला असतो, तो आकडा दुसऱ्याला विचारून मिळत नाही.

अजून एक बारीक गोष्ट, जी मला लवकर कुणी सांगायला हवी होती. हे डॉस गेम ३२० बाय २०० मध्ये काढलेले, पण मॉनिटर चारास तीनचे, त्यामुळे पिक्सेल चौरस नव्हते, उभट होते. नव्या स्क्रीनवर जसंच्या तसं दाखवलं की सगळं चपटं दिसतं, टँक तर बसकेच, पण सैनिकांचे चेहरेही कुणी वरून दाबल्यासारखे. डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये ॲस्पेक्टची सेटिंग ट्रू करायची. आवाजासाठी गेमच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर हे त्या काळचं साउंड कार्ड निवडून पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ द्यायचं, हे आकडे बघून मला इतका आनंद झाला की विचारू नका, कोणे एके काळी तोंडपाठ होते.

स्कॉर्च्ड अर्थला एवढं काही करावं लागलं नाही. १९९१ चा वेंडेल हिकनचा गेम, डोंगराच्या दोन बाजूंना टँक, कोन आणि ताकद ठरवायची, वाऱ्याचा अंदाज घ्यायचा आणि सोडायचा गोळा. मरताना टँक काहीतरी बडबडतात. यातही वेगवान मशीनवर गोळा दिसायच्या आत पडतो, तेव्हा इथेही सायकल्स उतरवल्या आणि काम झालं. दुसऱ्या महायुद्धावरच्या, १९९४ च्या पँझर जनरलला तर वेगाचं काही सोयरसुतकच नाही, षटकोनी घरं आणि एकाआड एक चाली, लागेल तेवढा विचार करा. पोलंडपासून जपत आणलेली, अनुभवाने मुरलेली टँकची तुकडी नंतर कुठेतरी चिखलात अडकून संपते तेव्हा जे दुःख होतं ते मात्र हळूहळू आणि नीट होतं.

बॅटल सिटीवर मी जरा जास्तच वेळ घालवला. नामकोचा १९८५ चा गेम, लाखो पोरांनी तो नकली कॅसेटवर शेकडो गेमच्या यादीत खेळलाय. एमुलेटरमध्ये, म्हणजे जुन्या गेम-मशीनचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तो लगेच चालतो. पण चालतो आणि बरोबर चालतो यात फरक आहे, बटण दाबल्यावर टँक किंचित उशिरा वळत होता, आणि विटांच्या फटीत शिरताना तो किंचित उशीर म्हणजे मरण. त्या जुन्या ट्यूब टीव्हीवर उशीर जवळजवळ नव्हताच, आताच्या टीव्हीत चित्र सुंदर करायच्या नादात वेळ जातो. टीव्हीचा गेम मोड चालू केला आणि एमुलेटरमध्ये हा उशीर कमी करणारी रन-अहेड म्हणून सोय असते ती लावली, मग हात बसला. एका स्टेजला शत्रूचे वीस टँक, ३५ स्टेज, खाली विटांत बसलेला तो गरुड, आणि चार गोळे खाल्ल्याशिवाय न मरणारा तो जाड टँक. बर्फावर घसरणंसुद्धा आठवणीत होतं तसंच निघालं.

हा गेम एकट्याने खेळायचा नाहीच, म्हणून दादाला बसवलं. पहिल्याच स्टेजला त्याने मागून माझ्यावर गोळा झाडला, यात आपल्याच माणसाचा गोळा लागला की मरत नाही पण थोडा वेळ गोठतो, आणि मी गोठलो असताना शत्रूने गरुड उडवला. "अरे चुकून लागला," म्हणे. "दादा, तू तेव्हाही हेच म्हणायचास," म्हटलं तर हसतोय नुसता.

अटारीचा १९८० चा बॅटलझोन मामे या जुन्या आर्केड गेमच्या एमुलेटरवर चालवला, आणि तिथे मला अर्धवटच यश आलं हे कबूल करायला हरकत नाही. मूळ मशीनमध्ये पेरिस्कोपसारख्या भिंगातून बघायचं आणि दोन दांड्यांनी दोन पट्टे वेगवेगळे चालवायचे, दोन्ही पुढे म्हणजे पुढे, एक पुढे एक मागे म्हणजे जागेवर गिरकी. कंट्रोलरच्या दोन काड्यांवर ते बसवलं, छान जमतं. पण वेक्टर मॉनिटरवरची ती रेष प्रत्यक्ष किरणाने ओढलेली असायची, तिची चमक साध्या स्क्रीनवर येत नाही, फिल्टर लावून लावून थोडी जवळ जाते एवढंच. याच गेमची सुधारित आवृत्ती अमेरिकन सैन्याने ब्रॅडली या चिलखती गाडीचे गनर शिकवण्यासाठी करून घेतली होती, आणि खेळताना ते पटतं. १९९८ चा बॅटलझोन, ज्यात चंद्रावर स्वतः टँकमध्ये बसून शिवाय फौजही चालवायची, त्याची २०१६ ची रिडक्स आवृत्ती सरळ विकत मिळते, तिथे काहीच खटपट नाही.

रेड अलर्टचं २०२० चं रिमास्टर्ड, म्हणजे नव्याने सजवलेली आवृत्तीही घेतली. त्यात स्पेसबार दाबला की नवं चित्र जाऊन जुनं येतं, खेळताना मी बहुतेक वेळ जुन्यावरच होतो. पण त्यात टँक बनवायचे हुकूम एकामागून एक रांगेत लावता येतात, मूळ गेममध्ये दर टँकला पुन्हा क्लिक करायला लागायचं, आणि ही सोय मी बिनदिक्कत वापरतो. जुनं म्हणून प्रत्येक त्रास परत आणायची मला हौस नाही. मॅमथ टँक हळू चालला पाहिजे, माझं मनगट दुखायला नको.

शेवटचं काम होतं दादाशी नेटवर्कवर खेळायचं. जुने गेम आयपीएक्स नावाच्या प्रोटोकॉलवर बोलतात आणि विंडोजने तो व्हिस्टापासून सोडून दिला. पण डॉसबॉक्समध्ये आयपीएक्सचं बोलणं इंटरनेटवरून न्यायची सोय आहे, कॉन्फिगमध्ये आयपीएक्स ट्रू करायचं, एकाने आयपीएक्सनेटचा सर्व्हर चालू करायचा, दुसऱ्याने पत्ता देऊन जोडायचं, आणि रेड अलर्टची डॉसवाली आवृत्ती समजते की दोन मशीन एकाच खोलीत वायरने जोडलेत. दोघांच्या सायकल्स सारख्या ठेवा, नाहीतर ज्याचं मशीन हळू त्याच्या तालावर दुसऱ्याला रांगावं लागतं. पहिल्या लढाईत मी सोव्हिएत बाजूने टेस्ला कॉइलची, म्हणजे विजेचा झटका मारणाऱ्या मनोऱ्यांची, तटबंदी करत बसलो आणि दादा काही बोलेना, म्हटलं लाइन गेली वाटतं, तेवढ्यात नकाशाच्या खालच्या काळ्या भागातून त्याचे टँक यायला लागले, आणि पहिल्यांदा त्यांनी माझं विजेचं केंद्रच उडवलं. आता पुढच्या वेळी सोव्हिएत मला नको, बाजू बदलायची असं ठरलंय.