पोरगा कामाला गेलाय

लोणंदहून पालखी दुपारी निघते. तरडगावचा टप्पा छोटा, त्यामुळे सकाळी तळावर निवांतपणा होता. राहुटीच्या दोरीवर धोतरं वाळत होती, पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि मी वयाच्या ७१व्या वर्षी पहिल्यांदा वारीत कपाळाला बुक्का लावून घेत होतो. माझे वडील याच दिंडीत ३३ वर्षं चालले. मी एकदाही चाललो नव्हतो.

आमचं गाव फलटण तालुक्यातलं, नीरा उजव्या कालव्याच्या काठचं. घरी ऊस. चाळीसेक वर्षं मी मराठी सिनेमात सावकार, सरपंच, कारखान्याचे चेअरमन उभे केले. सगळे वाईट. त्या कामावर माझा जीव होता, आजही आहे. वाईट माणूस उभा करायचा तर आधी त्याची भूक समजून घ्यावी लागते, आणि ते मी मन लावून केलं. निळू फुल्यांकडे बघत आमची पिढी शिकली. पडद्यावर ज्यांना पाहून बाया पदर सावरायच्या, तो माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला. त्यांच्या पडद्यामागच्या चांगुलपणावरही लोकांनी प्रेम केलं. माझ्या घराच्या वाट्याला ते आलं नाही. मुलाला शाळेत पोरं ‘सावकाराचा’ म्हणून हाक मारत. बायको बाजारात नवऱ्याचं नाव सांगायची बंद झाली. हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

दुपारी निघालो. ऊन नव्हतं, वारा होता. कॉलेजची दोन पोरं मोबाइल घेऊन जवळ आली, एकानं ‘तो डायलॉग’ म्हणायला सांगितलं. गळ्यात तुळशीची माळ असताना तोंडातून शब्द फुटेना. त्यांच्यासोबत फोटो काढला, पुढं चालू लागलो. तेवढ्यात डोक्यावर वृंदावन घेतलेल्या एका आजींनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “तुमीच नव्हं का त्यो, सुनंला घराबाहेर काढणारा?” मी मान हलवली. त्यांनी वृंदावन शेजारणीच्या डोक्यावर दिलं आणि सरळ माझ्या पायाशी वाकल्या. “माऊली!” मी घाईघाईनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मला आयुष्यात पुरस्कार मिळाले, हारतुरे मिळाले. त्या डांबरी रस्त्यावर मला जे वाटलं, ते त्यातल्या कशानं वाटलं नव्हतं.

चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या राहिल्या, मधे वाट मोकळी. पुढं स्वाराचा अश्व, मागं माऊलींचा. माऊलींच्या अश्वावर कोणी बसत नाही. तो मोकळ्या पाठीनं दौडत आला आणि बघता बघता निघून गेला, तशी माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावली. मी जागीच खिळलो होतो. माझी सगळी हयात समोरच्याला खरं वाटावं म्हणून मिशा चिकटवण्यात, आवाज बदलण्यात गेली. इथं त्या मोकळ्या पाठीवर कोण बसलंय हे कोणी कोणाला पटवून देत नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं. मला दिसलं का? मी हात जोडले, एवढं नक्की.

या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती आरफळच्या हैबतबाबांनी. म्हणजे आपल्या साताऱ्याकडच्याच माणसानं. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला माणूस माऊलींच्या पायांशी येऊन राहिला. वडील ही गोष्ट फार अभिमानानं सांगायचे. लहानपणी मी ती अर्धीच ऐकायचो.

तरडगावच्या तळावर तात्या भेटले. वय पंच्याऐंशीच्या पुढं, पाठ वाकलेली. वडिलांच्या शेजारी टाळ धरून चाललेले.

“तुजा बा दर साली सांगायचा, पोरगा कामाला गेलाय म्हणून. कुनी वंगाळ बोललं तरी त्येच. पोरगा कामाला गेलाय.”

माझ्या घशात काहीतरी अडकलं. आषाढात आमचं आउटडोअर शूटिंग बंद असायचं. पावसात कोण कॅमेरा बाहेर काढणार? त्या महिन्यात मी मुंबईत एकेका ऑफिसच्या बाकावर बसून पुढच्या कामाची वाट बघायचो. आपण गावाला गेलो तर आपली जागा दुसरा घेईल, या भीतीनं. वीस दिवस सहज काढता आले असते. वडील गेले त्याला आता १९ वर्षं झाली.

“तात्या, पावसाळ्यात आम्हाला काम नसायचं,” मी म्हणालो. हे मी बायकोलासुद्धा कधी बोललो नव्हतो.

तात्या टाळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

“त्येला म्हाईत हुतं की,” ते म्हणाले.

तेवढ्यात समाजआरतीला जायची घाई सुरू झाली. तात्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, आम्ही तसेच चालत गेलो. पालखी मधोमध टेकली होती, भोवती दिंड्यांचे टाळ एकाच ठेक्यात कडाडत होते. चोपदारांनी चांदीचा दंड उंच केला, ‘होऽ’ असा पुकारा झाला आणि एका क्षणात सगळं थांबलं. एवढी माणसं, आणि नुसता वारा ऐकू येत होता. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा सुरू झाला. कोणाचा चष्मा, कोणाची पिशवी, कोणाची पितळी वाटी. तात्यांचा हात अजून माझ्या खांद्यावरच होता.