पाच सेकंदांत संपलेले चाळीस हजार फोन

२ सप्टेंबर २०१४ रोजी, मंगळवारी दुपारी दोन वाजता, शाओमीच्या ५,९९९ रुपये किमतीच्या रेडमी १एसची फ्लिपकार्टवर पहिली विक्री झाली आणि ४०,००० फोन पाच सेकंदांच्या आत संपले. त्या वर्षी ज्यांनी असा फोन घेण्याची खटपट केली, त्यांना ते मंगळवार आठवत असतील. नोंदणी आधीच केलेली, पत्ता भरून ठेवलेला, ऑफिसच्या संगणकावर लॉगिन करून पान उघडून ठेवलेले, आणि दोन वाजता बटण दाबून पान पुन्हा दिसेपर्यंत तिथे साठा संपल्याची सूचना. बटण आपोआप दाबणारी स्क्रिप्ट लिहिण्यापर्यंत काहींची मजल गेली होती.

ही निव्वळ बनवाबनवी होती, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. मला ते अर्धेच पटते. भारतात नव्याने आलेली ही कंपनी फोन बाहेरून आणत होती, नफा अगदी थोडा ठेवत होती आणि एकच मॉडेल बरेच महिने विकून, दरम्यान सुट्या भागांचे भाव उतरले की त्यावर कमाई करत होती. अशा धंद्यात सुरुवातीलाच प्रचंड माल भरून ठेवणे परवडणारे नव्हते. तुटवडा बऱ्याच अंशी खरा होता.

पण खऱ्या तुटवड्यात माल कसा वाटायचा, हे कंपनीच्या हातात असते आणि जाहिरात तिथे घडते. परवानाराजच्या काळात बजाज चेतकसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. मात्र नोंदणी केलेल्याला आपला नंबर कधी ना कधी लागणार याची खात्री असे. शाओमीलाही पैसे आगाऊ घेऊन क्रमाने फोन पाठवता आले असते. त्याऐवजी नोंदणी केलेल्या लाखोंना एकाच क्षणी दारात बोलावले गेले आणि ज्याला फोन मिळाला नाही त्याची पुढच्या मंगळवारी पुन्हा शून्यापासून सुरुवात. रांगेतला माणूस निवांत असतो. हुकलेला माणूस दिवसभर सगळ्यांना सांगत सुटतो. वर्तमानपत्राचे पान विकत न घेता घरोघरी नाव पोहोचले ते या हुकलेल्यांमुळे.

मानसशास्त्रात याला जुना आधार आहे. स्टीफन वॉर्शेल आणि सहकाऱ्यांच्या १९७५ च्या प्रयोगात, दहा बिस्किटांच्या बरणीपेक्षा दोनच बिस्किटांच्या बरणीतले बिस्कीट लोकांना अधिक हवेसे वाटले. आणि डोळ्यांदेखत दहाची दोन झाली, तीही इतरांनी नेल्यामुळे, तेव्हा ओढ आणखी वाढली. चवीला मात्र कोणी जास्त गुण दिले नाहीत, आणि मला हा तपशील सर्वांत बोलका वाटतो.

ही युक्ती फार काळ चालत नाही, कारण हुकलेल्या गिऱ्हाईकाला दुसरे दुकान असते. त्याच सुमारास गावोगावच्या मोबाइल दुकानांवर ओप्पो आणि विवोच्या पाट्या झळकू लागल्या, जिथे पैसे मोजले की फोन लगेच हातात पडत असे. निमंत्रण मिळालेल्यालाच फोन विकण्याची अट वनप्लस या फोन कंपनीने २०१६ मध्ये काढून टाकली. शाओमीनेही मे २०१७ मध्ये बेंगळुरूत आपले पहिले ‘मी होम’ दुकान उघडले आणि त्या वर्षाच्या उत्तरार्धात, माल सहज मिळू लागल्यावर, विक्रीत सॅमसंगला गाठले.

आज उरला आहे तो या प्रकाराचा स्वस्त अवतार. परवा एका संकेतस्थळावर सवलत संपायला दहा मिनिटे उरल्याचे घड्याळ दिसले. पान पुन्हा उघडले, तर घड्याळ पुन्हा दहावर. तिथे ना माल कमी, ना मुदत खरी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी आहे आणि खोटी घाई निर्माण करणे ही त्यातली पहिली. साठा आहे त्यापेक्षा कमी दाखवणेही तिच्यातच मोडते.