दोन मीटर

काल रात्रीपासून एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. माझंच आहे. "लिहायचं असतं ते."

धाकटी अभ्यासाला बसली होती. सरळ रेषेत जाणारा एक कण, त्याचा वेग ३टी² − १२टी + ९ (टी म्हणजे सेकंद), सुरुवातीला तो आरंभबिंदूपासून २ मीटरवर; चौथ्या सेकंदाला कुठे असेल? तिने इंटिग्रेट केलं, म्हणजे वेगावरून जागा काढली, टी³ − ६टी² + ९टी. त्यात चार घातले, उत्तर आलं ४ मीटर. पुस्तकात मागे ६. दोनदा खोडून पुन्हा केलं, दोन्ही वेळा चारच. मग वही घेऊन माझ्याकडे आली. मी नुसती नजर टाकली आणि म्हणाले, "प्लस सी राहिला." सी म्हणजे इंटिग्रेट केल्यावर शेवटी मिळवायचा स्थिर आकडा. ती म्हणाली, "आई, पण वेग तर सगळा दिलाय ना, प्रत्येक क्षणाचा? मग हा सी आणखी काय सांगतो?" त्यावर मी ते वाक्य म्हणाले.

तिने मुकाट्याने सी लिहिला, दोन मिळवले, उत्तर जुळलं, वही मिटली. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं.

मला हे एवढं का लागावं? कारण हेच वाक्य, याच सुरात, मी ऐकलेलं आहे. अर्धा मार्क गेला होता, मी विचारायला गेले होते. तेव्हापासून सी लिहीत आले, कागदाच्या तळाशी सही करावी तसा. कुणी बसवून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढे कदाचित गणितच... जाऊ दे.

सगळे झोपल्यावर मी कागद घेऊन बसले. वेग शून्य कधी होतो? पहिल्या सेकंदाला आणि तिसऱ्या. म्हणजे कण आधी पुढे जातो, ४ मीटर. मग थबकतो, वळतो, तितकाच मागे येतो. तिसऱ्या सेकंदाला निघाल्या जागी परत. मग पुन्हा ४ मीटर पुढे. विस्थापन ४, चाललेलं अंतर १२. वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजलं की हे सगळं हाती येतं. अक्षाखाली गेलेला तुकडा तेवढा वजा धरायचा. थांबणं, मागे फिरणं, सगळं वेगाला ठाऊक आहे. कुठून निघाला, एवढंच ठाऊक नाही. २ मीटरवरून निघालेला कण आणि २०० मीटरवरून निघालेला, दोघंही अगदी हेच करतील. विकलन करताना, म्हणजे जागेवरून वेग काढताना, तो स्थिर आकडा पुसला गेलेला असतो, मग उलटं जाणारं संकलन, म्हणजे तिचं इंटिग्रेट करणं, तो आणणार कुठून? तो बाहेरूनच सांगावा लागतो. तिचा प्रश्न नेमका हाच होता, आणि उत्तर इतकं जवळ होतं.

मग आणखी एक गोष्ट दिसली. समजा वेग मोजण्यातच चूक आहे, सेकंदाला ०.१ मीटरची. ती साठत जाते, तासाभरात ३६० मीटर होते, कधीतरी लक्षात येतेच. पण सुरुवातीच्या जागेत २ मीटरची चूक असेल तर? ती वाढत नाही आणि कमीही होत नाही. पहिल्या सेकंदाला दोन, हजाराव्यालाही दोनच. बाकी सगळं बरोबर, वळणं बरोबर, थांबे बरोबर, आणि तरी कण प्रत्येक क्षणी दोन मीटर बाजूला. हे वाचून मी पेन खाली ठेवला. ते वाक्य पुन्हा आठवलं.

बॅबिलोनी ज्योतिषांच्या मातीच्या पाट्या आठवल्या, इसवी सनापूर्वी ३५० ते ५० च्या दरम्यानच्या. त्यांनी गुरूचा मार्ग असाच काढला होता. वेग दिवसाला १२ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), साठ दिवसांत कमी होत साडेनऊ कला. दोन्हींची सरासरी पावणेअकरा, गुणिले साठ, म्हणजे ६४५ कला, १० अंश ४५ कला. समलंब चौकोनाचं क्षेत्रफळच ते, कलनशास्त्राला अजून दीड हजारांहून जास्त वर्षं होती. २०१६ मध्ये या पाट्यांचा उलगडा प्रसिद्ध झाला तेव्हा मी त्या क्षेत्रफळावरच खूश होते. काल रात्री वेगळंच जाणवलं. त्यांचे साठ दिवस मोजायला सुरुवात होते ती गुरू पहाटेच्या आकाशात पुन्हा पहिल्यांदा दिसतो त्या दिवसापासून. १० अंश ४५ कला खऱ्या, पण *तिथून*. उजाडायच्या आत उठून कुणीतरी तो दिसलेला पाहायलाच हवा होता. ते काम गणित करून देत नाही.

हे सुचल्यावर जरा हलकं वाटलं. रात्री नीट सांगता आलं नाही तर सकाळ असते, इतकं साधं आहे खरं तर. अर्ध्या मार्काचं दुःख मी फारच वर्षं जपलं.

सकाळी ती दप्तर भरत होती तेव्हा म्हटलं, दोन मिनिटं बस. आलेखाच्या कागदावर कणाच्या जागेचा वक्र काढून ठेवला होता, त्याचा चढ म्हणजेच वेग, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तोच वक्र गिरवला. उभ्या अक्षावर उभा अक्ष जुळवून तो पेपर वर सरकवायला सांगितला. खाली सरकवायला सांगितला. "चढ बदलला कुठे?" तिने पट्टी लावून पाहिली, एकदा टी १ पाशी, एकदा २ पाशी. नाही बदलला. "मग वेग तोच?" तोच. तिने पेपर आणखी दोनदा वर-खाली केला, पट्टी बाजूला ठेवली. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली, वक्राचं टोक उभ्या अक्षावर बरोबर २ पाशी आणलं आणि पेन्सिलीचं टोक तिथे दाबून धरलं.

"आता नाही सरकत," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने वक्रावरून चारपर्यंत जाऊन डावीकडे आकडा वाचला.