पाणी उघडलं

चीनमधल्या छंगदू शहरातल्या एका कॉलेजच्या मुलीबरोबर माझी दोनेक वर्षं भाषेची देवाणघेवाण चालू आहे, म्हणजे व्हिडिओ कॉलवर अर्धा तास ती मला चिनी शिकवते आणि अर्धा तास मी तिला इंग्लिश. अगदी सुरुवातीच्या एका कॉलमध्ये ती मधेच उठली आणि म्हणाली, "वेट, द वॉटर इज ओपन." मला वाटलं नळ चालू राहिला असेल. ती परत आली तर हातात वाफाळता मग. पाणी उकळलं होतं.

झालं होतं असं की चिनीत पाणी उकळलं की 'श्वेइ काई ल' म्हणतात, आणि 'काई' म्हणजे ओपन हे तिने शाळेत यादीतून पाठ केलेलं. यादीत इकडे ओपन, तिकडे काई, विषय संपला. तिची यात काडीची चूक नव्हती, यादीने जे दिलं तेच तिने वापरलं.

आणि या याद्या तिकडे साध्यासुध्या नाहीत हो. २००१ पासून चीनमध्ये प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्लिश आणायला लागले, पुढे बारावीनंतरची ती मोठी परीक्षा, गाओकाओ, ७ जूनला सुरू होते, तिच्यात बहुतेक प्रांतांत ७५० पैकी १५० मार्क इंग्लिशचे, आणि त्यासाठी साधारण ३५०० शब्द तयार पाहिजेत असं सगळे धरून चालतात. कॉलेजात गेलं की चौथ्या लेव्हलची परीक्षा, 'स्स जी', ७१० पैकी ४२५ आले की सुटलो म्हणायचं. त्यामुळे 'बेइ दान्त्स', म्हणजे शब्द पाठ करणं, हा तिकडच्या मुलांच्या दिवसाचा एक भागच असतो, जेवणासारखा. याद्या बऱ्याचदा ए पासून लागतात आणि पहिलाच शब्द येतो 'अबॅन्डन', सोडून देणे, आणि कितीतरी जण तिथेच सोडून देतात हा विनोद तिकडे ज्याला त्याला माहीत आहे. माझ्या मैत्रिणीला अबॅन्डन स्पेलिंगसकट झोपेत विचारलं तरी येतो. मी म्हटलं एक वाक्य कर त्याचं, तर गप्प बसली. आठ वर्षं ओळखीचा शब्द आणि एकदाही तोंडातून बाहेर पडलेला नाही, मला खरंच वाईट वाटलं तेव्हा.

पाठांतरासाठी ते आवाजाची युक्तीपण करतात. अँब्युलन्सला 'आन बु नंग स्स' म्हणायचं, ज्याचा चिनीत अर्थ होतो मी मरू शकत नाही! लक्षात राहतं यात शंकाच नाही. पण उच्चार बिघडतो तो बिघडतोच, आणि अँब्युलन्स 'बोलवायची' असते म्हणजे इंग्लिशमध्ये कॉल करायची, हे त्यातून कुठे कळतं?

म्हणून आम्ही याद्या बाजूला ठेवल्या आणि वाक्यांवर आलो. चिनीत उदाहरणाच्या वाक्याला 'ली ज्यू' म्हणतात, डिक्शनरीच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक शब्दाखाली असतात ती, इंग्लिश वाक्य आणि खाली चिनी भाषांतर. पण त्यातली बरीच वाक्यं बातम्यांमधली वाटतात, कुठल्या तरी सरकारने कुठलं तरी धोरण अबॅन्डन केलं असली. वाक्य बरोबरच असतं पण एकवीस वर्षांची मुलगी हे कधी बोलणार? शिवाय त्यात आणखी तीन शब्द नवे असतात मग त्यांच्यासाठी परत डिक्शनरी. माझं स्पष्ट मत आहे की एका वाक्यात नवा शब्द एकच पाहिजे आणि वाक्य उद्या सकाळी वापरता येईल असं पाहिजे. आणि तिसरी गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, जिथे चिनी भाषा तिला चुकीकडे ओढते नेमकं तिथेच ते वाक्य उभं राहिलं पाहिजे.

पहिला घेतला अर्थातच 'काई'. तिने चिनीतून सांगायचं, मी इंग्लिश करायचं, असं करत करत वहीचं एक पान भरलं. दार काई करतात तिथे ओपन ठीक आहे. पण दिवा काई करतात तिथे "आय टर्न्ड ऑन द लाइट". गाडी काई करतात तिथे "शी ड्राइव्ह्ज टू वर्क". मीटिंग काई करतात तर "वी हॅड अ मीटिंग". फुलं काई होतात तर "द फ्लॉवर्स आर इन ब्लूम". डॉक्टर औषध काई करतात, म्हणजे लिहून देतात, तिथे "द डॉक्टर प्रिस्क्राइब्ड मी सम मेडिसिन". आणि पाण्याचं "द वॉटर इज बॉइलिंग". एकच अक्षर, सात वाक्यं, सात वेगळी क्रियापदं. ती त्या पानाकडे बघत राहिली, म्हणाली मला कुणी हे असं एकत्र दाखवलंच नव्हतं. मलाही मजा वाटली कारण मराठीत आपण दिवा लावतो, गाडी चालवतो, मीटिंग घेतो, पाणी उकळतं, फूल उमलतं, आपल्याला वेगवेगळं म्हणायची सवयच आहे, म्हणून हा खड्डा आपल्याला दिसतच नाही.

दुसरा खड्डा 'जिए'. उसनं घेणं पण जिए आणि उसनं देणं पण जिए, त्यामुळे ती मला "कॅन यू बॉरो मी युअर नोट्स" असं लिहायची. चिनीत दिशा सांगायला दुसरा शब्द जोडतात, देताना 'जिए गेइ' म्हणतात, इंग्लिशमध्ये क्रियापदच बदलतं. अर्थ लिहून काही होत नव्हतं कारण दोन्हीकडे अर्थ जिएच. मग जोडीचं वाक्य केलं, एकच पेन, एकच प्रसंग, फक्त बाजू वेगळी: "आय बॉरोड अ पेन फ्रॉम हर" आणि "शी लेंट मी अ पेन". त्या 'फ्रॉम'खाली तिने लाल रेघ मारली. त्यानंतर ही चूक मला एखाददुसऱ्या वेळीच दिसली.

काही ठिकाणी मात्र आपणही त्याच खड्ड्यात असतो. चिनीत 'सुइ रान' आलं की पुढे 'दान श' येतं, जसं आपलं जरी आलं की तरी येतंच. मग इंग्लिशमध्ये ऑल्दोनंतर बट घुसतो, तिचाही आणि खरं सांगू माझाही घुसायचा. "ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट" हे वाक्य आम्ही दोघींनी मोठ्याने म्हणून म्हणून बसवलं, स्वल्पविरामापाशी थांबायचं आणि बट गिळायचा. 'सजेस्ट'चं पण तसंच, त्याने मला जायला सुचवलं हे मराठीत पण सरळ आहे आणि चिनीत पण, म्हणून "ही सजेस्टेड मी टू गो" दोघींना बरोबर वाटायचं. "ही सजेस्टेड दॅट आय गो" कानाला लागायला महिना गेला. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवायचे, तिथल्या मुलांना नेमकी हीच अडचण येते, क्रियापदाच्या पुढे काय जोडायचं, हे त्यांनी धरून ठेवलं आणि १९४२ मध्ये टोकियोत शिकणाऱ्यांसाठी डिक्शनरी काढली. तीच पुढे ऑक्सफर्डची म्हणून जगभर गेली. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं, की ही डिक्शनरी परक्या मुलांच्या चुका ऐकून ऐकून घडली.

इंग्लिशमधल्या 'ही' म्हणजे तो आणि 'शी' म्हणजे ती, यांचा गोंधळ वेगळाच. चिनी बोलण्यात तो, ती, ते सगळं 'था'. लिहिताना 'ती'चं अक्षर वेगळं असतं, पण ते रूढ झालं १९२० च्या आसपास, कवी लिऊ बाननोंग यांनी ते उचलून धरलं तेव्हा. कानाला फरक नाहीच, त्यामुळे ती स्वतःच्या आईला सर्रास 'ही' म्हणून जाते आणि नियम तिला पक्का माहीत असतो. याला रोज एक वाक्य लागतं ज्यात दोघं आहेत, "माय सिस्टर लॉस्ट हर फोन, सो माय ब्रदर गेव्ह हर हिज" असलं. अजून चुकतं. चालू आहे.

गेल्या रविवारी कॉलवर ती मला चिनीतले सूर, म्हणजे उच्चारातले चढउतार, समजावत होती, मागून किटलीचा आवाज आला, आणि ती उठता उठता बोलली, "वन सेकंद, द वॉटर इज बॉइलिंग." तिच्या लक्षातही आलं नाही. मी काहीच बोलले नाही, वहीत तारीख टाकून ठेवली.

आता आम्ही 'दा' घेतलाय. दा म्हणजे मारणं, पण चिनीत फोन दा करतात, बास्केटबॉल दा करतात, टॅक्सी दा करतात, छत्री दा करतात, टायपिंगसुद्धा दा. ती म्हणाली हे तुला विचित्र वाटत असेल ना. मी म्हटलं अजिबात नाही, आमच्याकडे आम्ही हाक मारतो, उडी मारतो, चक्कर मारतो आणि तुझ्याशी तासभर गप्पा पण मारतो. तिने मराठी मारणे आपल्या वहीत चिनीत लिहून घेतलं, दा च्या पानावर, सगळ्यात वर.