घोडेस्वारीचं हेल्मेट निवडताना : माप, आकार आणि पट्टा

भोसला मिलिटरी स्कूलमुळे नाशिककरांना घोडेस्वारी नवी नाही. अलीकडे शहराबाहेर मळ्यांच्या बाजूला खासगी वर्गही चालतात. अशा वर्गात सुरुवातीला पागेतलंच हेल्मेट मिळतं. ते सगळ्यांसाठी असतं, म्हणून नेमकं कुणालाच बसत नाही. थोड्या दिवसांत मुलं म्हणू लागतात, ‘डोकं दुखतं’, आणि हनुवटीखालचा पट्टा सैल सोडतात. पट्टा सैल सोडला की ते हेल्मेट डोक्यावर असून नसल्यासारखं. मुलांसाठी आणि माझ्यासाठी हेल्मेट घेताना माझं एक मत पक्कं झालं. आराम आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जे हेल्मेट टोचत नाही, तेच घट्ट बांधून तासभर घातलं जातं, आणि घट्ट बांधलेलं हेल्मेटच पडताना जागेवर राहतं.

आधी हेल्मेटचं काम काय ते सांगतो. मारवाडी किंवा काठियावाडी घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण अडीच मीटरवर असतं. घोडा बिचकायला नाशिकच्या आसपास कारणांची वाण नाही. द्राक्षबागेत औषध फवारणारा ब्लोअर अचानक सुरू होतो, पाखरं हाकलायला लावलेल्या चकचकीत पट्ट्या वाऱ्यावर फडफडतात, एखाद्या बागेत फटाका वाजतो. घोडा एकदम बाजूला उडी मारतो आणि स्वार खांद्यावर, कुशीवर किंवा थेट डोक्यावर पडतो. हेल्मेटच्या आत सुमारे दोन सेंटिमीटर जाडीचा टणक थर्माकोल असतो. पडल्यावर तो चेपतो आणि डोकं थांबायला काही क्षणांश जास्त मिळतात. त्यामुळे मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. बाहेरचं कवच तो धक्का मोठ्या भागावर पसरवतं आणि दगडाचं किंवा नालेचं टोक आत घुसू देत नाही.

दुचाकीचं हेल्मेट घरात असतंच, ते का चालत नाही, असं बरेच पालक विचारतात. त्यावरचा आयएस ४१५१ हा भारतीय मानकाचा शिक्का दुचाकीच्या हेल्मेटचा आहे. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट किलो-सव्वा किलोचं असतं आणि दुडक्या चालीत मान दुखवतं. त्यात बाजूचं दिसत नाही आणि घोड्याच्या फुरफुरण्यापासून मागून येणाऱ्या टापांपर्यंत काहीच नीट ऐकू येत नाही. सायकलचं हेल्मेट हलकं असतं, पण मागे मानेच्या वर आणि कानांच्या बाजूला ते कमी झाकतं. घोडेस्वारीच्या हेल्मेटला अमेरिकी एएसटीएम एफ ११६३ चाचणीत सपाट ऐरणीबरोबरच धारदार कडेच्या ऐरणीवरही आपटतात, कारण इथे कुंपणाची कड आणि टापेची कड हे नेहमीचे धोके आहेत. सायकलचं हेल्मेट या कसोटीसाठी बनवलेलं नसतं.

म्हणून दुकानात किंवा ऑनलाइन हेल्मेट पाहताना मी रंग बघण्याआधी आतलं लेबल वाचतो. ते अस्तराखाली कवचाला चिकटवलेलं असतं. त्यावर सुरक्षा-प्रमाणाचा (स्टँडर्डचा) क्रमांक, माप, वजन आणि बनवल्याचा महिना-वर्ष असायला हवं. स्वीकारण्याजोगे क्रमांक थोडेच आहेत : एएसटीएम एफ ११६३ (सोबत एसईआय या प्रमाणित करणाऱ्या संस्थेची खूण असावी), ब्रिटनचं पीएएस ०१५, युरोपचं व्हीजी१ ०१.०४०, अमेरिकेतल्या स्नेल संस्थेचं ई २००१ किंवा त्यानंतरचं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं एएस/एनझेडएस ३८३८ आणि युरोपचं ईएन १३८४. ईएन १३८४ च्या बाबतीत साल बघावं लागतं. १९९० च्या दशकातलं जुनं प्रमाण युरोपने २०१४ मध्ये मागे घेतलं आणि सुधारलेलं २०१७ मध्ये आलं. नुसतं ‘सीई’ (युरोपची सर्वसाधारण खूण) लिहिलेलं असेल आणि क्रमांक नसेल, तर मी ते हेल्मेट खाली ठेवतो. मखमल लावलेल्या, आत पातळ स्पंज आणि बारीक इलॅस्टिक असलेल्या काळ्या टोप्याही ‘रायडिंग कॅप’ म्हणून विकल्या जातात. त्या मिरवणुकीसाठी ठीक आहेत, घोड्यावर बसायला नाहीत. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं : आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १ जानेवारी २०२१ पासून घोड्यावर असताना पट्ट्याचं हेल्मेट सक्तीचं केलं आहे. ड्रेसाजची, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेतली, उंच टोपीही त्यामुळे गेली.

प्रमाण पाहून झालं की माप. शिंप्याकडची कापडी टेप घ्यायची. भुवयांच्या वर दोन सेंटिमीटर, कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सर्वांत बाहेर येतो त्यावरून ती फिरवायची. मी दोन-तीनदा मोजतो आणि त्यातला मोठा आकडा धरतो. केस घोड्यावर बसताना जसे बांधणार तसेच बांधून मोजायचे. वेणी मानेवर सोडली तर चालते, आंबाडा घालायचा तर अगदी मानेशी, खाली. डोक्यावर उंच बांधलेला आंबाडा हेल्मेटला वर उचलतो. नुकतीच मुंज झालेल्या मुलाचं माप घेऊ नका. चकोट डोक्याचं माप काही आठवड्यांत बदलतं.

मुलांच्या बाबतीत एक सवय सोडावी लागते. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, हेल्मेट तसं घ्यायचं नाही. आज जे माप आहे तेच. मागे फिरवायची चकती असलेलं हेल्मेट घेतलं तर मूल वाढलं तरी काही काळ पुरतं, पण चकती फक्त मागचा पट्टा आवळते. कवचाचं माप किंवा आकार ती बदलत नाही. चकती पूर्ण आवळल्यावरच हेल्मेट बसत असेल तर कवच मोठं आहे. मधल्या जागी बसलं तर ठीक.

आता सर्वांत महत्त्वाचं, जे लेबलवर लिहिलेलं नसतं : डोक्याचा आकार. वरून पाहिलं तर काही डोकी लांबट असतात, काही जवळजवळ गोल, बरीचशी मधली. दोन माणसांचं टेपवरचं माप ५६ सेंटिमीटर असलं तरी एकाला जे हेल्मेट मऊ लागतं ते दुसऱ्याला पंधरा मिनिटांत कपाळशूळ देतं. हेल्मेट बनवणारे आपापल्या साच्यावर बनवतात. एकाचा साचा गोलसर, दुसऱ्याचा लांबट. आकार ओळखायला भिंतीला पाठ लावून बसायचं, डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकवायचा, कपाळावर एक जाड पुस्तक उभं धरायचं आणि भिंतीपासून पुस्तकापर्यंतचं अंतर मोजायचं. मग कानांच्या वर दोन्ही बाजूंना पुस्तकं टेकवून रुंदी मोजायची. दोन आकड्यांतला फरक जितका जास्त, तितकं डोकं लांबट. घरातल्या सगळ्यांचं मोजलं तर फरक लगेच कळतो.

लांबट डोक्यावर गोल साच्याचं हेल्मेट घातलं की कपाळ आणि मागचा भाग दाबला जातो आणि कानांच्या वर दोन्हीकडे पोकळी राहते. तिथे बोट सहज जातं. अशा हेल्मेटमध्ये स्वाराला कपाळाच्या मध्यावर दुखतं आणि घोडा वळला की हेल्मेट डावी-उजवीकडे डुलतं. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट घातलं की कानशिलं दुखतात, पुढे-मागे जागा राहते आणि दुडक्या चालीत ते भुवयांवर घसरतं. दोन्हीत लोक हमखास एक माप मोठं घेतात. दुखणं थांबतं, कारण हेल्मेट कुठेच टेकत नाही, आणि पडताना ते मागे सरकून कपाळ उघडं पडतं. त्यावर उपाय मोठं माप नाही, दुसरा साचा हा आहे. थोडीशी पोकळी असेल तर कंपनीनेच दिलेली जाड गादी बदलून भागतं. पण दुखतं म्हणून थर्माकोल दाबून चेपवणं किंवा खरवडणं अजिबात नको. तिथे संरक्षणच जातं.

घालून पाहताना क्रम ठरलेला ठेवतो. हेल्मेट पुढून कपाळावर टेकवायचं आणि मागे ओढायचं. कड आडवी हवी, भुवयांपासून साधारण दोन बोटं वर. आरशात बाजूनेही बघायचं, कारण मागे झुकलेलं हेल्मेट बरेच जण छान दिसतं म्हणून घालतात. मग पट्टा न लावता डोकं हलवायचं आणि पायाच्या बोटांकडे वाकायचं. हेल्मेट निसटायला नको. पुढची कड धरून हळूच डावीकडे-उजवीकडे फिरवली तर कपाळाची कातडी सोबत हलायला हवी. कातडी न हलता हेल्मेट सरकलं तर ते सैल. त्यानंतर पट्टा. कानापुढचे आणि कानामागचे पट्टे पाळीच्या अगदी खाली मिळायला हवेत, पाळीवर नाही. हनुवटीखाली एक बोट जाईल इतकीच सैल जागा. तोंड मोठं उघडलं की हेल्मेट खाली खेचलेलं जाणवलं पाहिजे. शेवटी पट्टा लावून कुणाला तरी मागची कड वर आणि पुढे ढकलायला सांगायचं. या झटक्याने हेल्मेट डोळ्यांवर आलं तर मागचा पट्टा आवळावा लागेल, किंवा साचाच चुकला आहे. बुगड्या, झुमके काढून ठेवायचे. पट्ट्याखाली अडकलेलं कानातलं पाळी फाडतं.

एवढं झालं की वीस मिनिटं तसंच घालून राहायचं. ऑनलाइन मागवलं असेल तर टॅग न काढता घरातच घालून कामं करायची. काढल्यावर कपाळावर एकसारखा फिकट लाल पट्टा दिसला तर उत्तम, कारण दाब सारखा आहे. एकाच ठिकाणी गडद ठिपका उठला आणि दुखलं तर ते परत पाठवतो. ‘पुढे सैल होईल’ हे विक्रेत्याचं म्हणणं गादीपुरतं खरं आहे. गादी थोडी बसते, कवच नाही. चष्मा असेल तर तो घालूनच पाहायचं. दांडी कानशिलावर दाबली गेली तर तासाभराने सहन होत नाही.

झडपांचा, म्हणजे हवेच्या छिद्रांचा प्रश्न इथे खरा आहे. नाशिकला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो. पुढे दोन-तीन आणि मागे एखादं छिद्र असलेलं, पाचशे ग्रॅमच्या आसपासचं हेल्मेट उन्हाळ्यात सुसह्य होतं. डोक्यावर थेट ऊन पडत असेल तर फिकट रंग बरा. हिवाळ्यात उलट अडचण येते. निफाडकडची पहाट कडक असते आणि लोक हेल्मेटखाली लोकरी कानटोपी घालतात. तिच्यामुळे हेल्मेट वर उचललं जातं आणि कापडावर घसरतं. अगदी पातळ, ताणून बसणारी टोपी चालते, तीही घालून माप पाहिलेलं असेल तरच. नाहीतर गळ्याभोवती मफलर, टोकं आत खोचलेली.

मिप्स असलेली हेल्मेटं थोडी महाग पडतात. आत एक पातळ, निसरडा थर असतो. डोकं तिरकं आपटलं तर तो दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो आणि मेंदूला बसणारा पीळ कमी करतो. घोड्यावरून माणूस बहुधा तिरकाच पडतो, त्यामुळे बजेट असेल तर मी ते घेईन. पण बसत नसलेलं मिप्स आणि नीट बसणारं साधं हेल्मेट यात निवड करायची तर साधं. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०२२ च्या अखेरीपासून घोडेस्वारीच्या हेल्मेटना तारे देतं. ती यादी मोफत पाहता येते आणि किंमत जास्त म्हणजे तारे जास्त, असं तिथे दिसत नाही. पुढची कड मात्र लवचीक किंवा निघणारी बघा. टणक, न वाकणारी कड तोंडावर पडल्यावर नाकाला किंवा मानेला इजा करू शकते. शर्यतीच्या आणि क्रॉस-कंट्रीच्या स्वारांच्या हेल्मेटला म्हणूनच स्थिर कड नसते.

वापरताना जपायचं ते थोडंच. उन्हात उभ्या गाडीत, मागच्या काचेखाली हेल्मेट ठेवू नका, थर्माकोल उष्णतेने मऊ होऊन आकार बदलतो. पेट्रोल, थिनर, रंगाचे स्प्रे, स्टिकर यांपासून कवच दूर ठेवा. खोबरेल तेल लावून स्वारी केली की गादीला वास धरतो, म्हणून निघणारी गादी सौम्य साबणाने हाताने धुवावी आणि सावलीत वाळवावी. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला पावसाळ्यात गादी वाळतच नाही आणि बुरशी धरते. जास्तीची एक गादी घेऊन ठेवलेली बरी.

पडल्यावर डोकं आपटलं असेल तर हेल्मेट बदलायचं, बाहेरून ओरखडाही नसला तरी. चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही आणि चीर अस्तराखाली दडलेली असते. खोगिराच्या उंचीवरून रिकामं हेल्मेट फरशीवर पडलं, तरी अस्तर काढून बोटांनी सगळीकडे चाचपायचं. चीर, दबलेली जागा किंवा कवचापासून सुटलेला थर सापडला तर ते वापरातून काढायचं. न पडलेलं हेल्मेटही घाम आणि उन्हाने झिजतं, साधारण पाच वर्षांनी बदलावं. जुनं वापरलेलं विकत घेऊ नये, कारण ते किती वेळा आपटलं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. नवं आणलं की आत अस्तराखाली पक्क्या पेनने, लेबलवरच्या जागेत, खरेदीची तारीख लिहून ठेवतो आणि लेबलचा फोटो फोनमध्ये ठेवतो. लेबलवरची शाई घामाने पुसली जाते.