मुलगी तीच, आकडे ३८ आणि ५३

घणसोली गावठाणाजवळच्या एका शाळेत दुसरीच्या मुलांची वाचन-चाचणी घ्यायची होती. त्याआधी परीक्षकांचं प्रशिक्षण, आणि प्रशिक्षणाच्या शेवटी नेहमीची तपासणी: एकाच मुलीच्या वाचनाचं रेकॉर्डिंग सगळ्यांना एकदाच ऐकवायचं आणि प्रत्येकाने शेजारी न बघता गुण द्यायचे, म्हणजे मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजायचं. परीक्षक आठ होते. काही डी.एल.एड.चे, म्हणजे शिक्षक-पदविकेचे, विद्यार्थी, बाकीच्या शिक्षिका. उतारा ६० शब्दांचा, वेळ एक मिनिट. सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा सर्वांत खाली ३८ होता आणि सर्वांत वर ५३.

एवढा फरक का अडतो, तर निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. म्हणजे एका परीक्षकाच्या कागदावर ही मुलगी मागे पडलेली, आणि दुसऱ्याच्या कागदावर व्यवस्थित वाचणारी. मुलीने काहीच वेगळं केलेलं नाही.

अशा वेळी सरासरी काढून पुढे जाण्याचा मोह सगळ्यांना होतो. तसं मुळीच करू नये. नोंदपत्रकं शेजारी शेजारी ठेवून शब्दाला शब्द लावून बघायचं. उतारा छापलेला असतो, परीक्षक चुकलेल्या शब्दावर तिरपी काट मारतो आणि मिनिट संपलं की शेवटच्या शब्दापुढे चौकटी कंस करतो. काटा आणि कंस जुळवले की भांडण कुठे आहे ते लगेच दिसतं. इथे १५ शब्दांचा फरक तीन ठिकाणी वाटला गेला होता.

पहिलं ठिकाण स्टॉपवॉच. काही जणांनी ‘वाच हं’ म्हटल्याबरोबर बटण दाबलं. मुलगी कागद जवळ घेते, बोट ठेवते, आवंढा गिळते आणि मग पहिला शब्द उच्चारते. घड्याळ त्या पहिल्या शब्दाला सुरू व्हायला हवं. इथे मधले चार सेकंद गेले आणि तिच्या वेगाने त्यात चार शब्द बुडाले. मिनिटाच्या दुसऱ्या टोकालाही एक चूक होते: मूल मिनिटाच्या आत उतारा संपवतं आणि परीक्षक नुसते बरोबर शब्द लिहून मोकळा होतो. ४८ सेकंदांत ५४ शब्द बरोबर असतील तर ५४ भागिले ४८ गुणिले ६०, म्हणजे ६७.५. न भागता ५४ लिहिले की सर्वांत चांगल्या वाचकांवरच अन्याय होतो.

दुसरं ठिकाण, मुलाने स्वतःच केलेली दुरुस्ती. ‘घर’ला आधी ‘धर’ म्हटलं आणि लगेच ‘घर’ म्हटलं तर शब्द बरोबर धरायचा, कारण वाचताना मूल स्वतःला तपासतंय याचाच तो पुरावा. वेळ खर्च झालाय, तेवढी शिक्षा पुरे. उतावीळ परीक्षकाची काट मात्र आधीच पडलेली असते. म्हणून काट मारून झाल्यावर मुलाने दुरुस्ती केली तर त्या काटेभोवती गोल करायचा. खोडरबर हाताशी ठेवायचंच नाही. तीन शब्द यातच गेले होते. मूल एखाद्या शब्दाशी तीन सेकंद अडलं तर पुढच्या शब्दावर बोट ठेवून ‘इथून पुढे वाच’ म्हणायचं आणि तो शब्द चूक धरायचा, हा नियम सगळ्यांनी पाळला होता. पण तीन सेकंद मनात मोजायचे नाहीत. मनातले तीन सेकंद बहुतेक वेळा दीडच असतात.

उरलेले आठ शब्द हे खरं प्रकरण. उताऱ्यात ळ, ण किंवा शब्दाच्या मधला-शेवटचा ड असलेले नऊ शब्द होते. त्यातले आठ मुलीने ‘पानी’, ‘डोला’, ‘झार’, ‘शाला’ अशा वळणाने वाचले. घर आगरी. नवी मुंबई वसण्याआधीपासून या पट्ट्यात हीच बोली आहे आणि तिच्यात ळ चा ल, ण चा न होतो आणि स्वरानंतरच्या ड चा र होतो. वडापावचा ‘वरापाव’ इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. शब्दाच्या सुरुवातीचा ड मात्र तसाच राहतो. म्हणून ‘डोळा’चा ‘डोला’ झाला तर ती बोली. ‘रोला’ झाला तर मुलाने अक्षर चुकीचं ओळखलंय. हा फरक परीक्षकाला माहीत नसेल तर तो एकतर सगळंच चूक धरतो किंवा ‘बोली आहे हो’ म्हणत सगळंच सोडून देतो. दोन्ही वाईट.

नियम असा की मूल जे अक्षर बघून, ओळखून, आपल्या घरच्या उच्चारात म्हणतंय ते बरोबर. घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल, काना-मात्रा गाळणं, ‘पाणी’ला ‘पान’ म्हणणं, हे चूक. यावर एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न नेमका होता: “सर, घरचा उच्चार आहे की वाचताच येत नाही, हे मी एका मिनिटात ओळखायचं कसं?” एका मिनिटात ओळखताच येत नाही. त्यासाठी चाचणीआधी दोन मिनिटं चित्रकार्डांवर गप्पा मारायच्या. झाड, घोडा, डोळा, केळं, पाणी, फळा अशी कार्डं. कार्डावर अक्षर एकही नको. शब्द आपण आधी उच्चारायचा नाही. नाहीतर मूल बाईंचं ऐकून ‘झाड’ म्हणतं आणि सगळं मुसळ केरात. ‘हे काय गं?’ एवढंच विचारायचं आणि उत्तर जसं ऐकू आलं तसं लिहायचं. बोलताना ‘झार’ आणि वाचतानाही ‘झार’, तर बरोबर. बोलताना स्पष्ट ‘केळं’ म्हणणारं मूल वाचताना ‘केलं’ म्हणत असेल तर मात्र ळ ची ओळख तपासायला हवी. रेकॉर्डिंगच्या मुलीच्या गप्पा आमच्याकडे होत्या. त्या ऐकवल्यावर आठही काटांचा निकाल पाच मिनिटांत लागला.

एक जण म्हणाले, काही का असेना, आमच्या दोघांचे ९० टक्के शब्द जुळलेत. ९० टक्के ऐकायला बरं वाटतं, पण इथे ते फसवं आहे. १०० शब्दांपैकी दोघांनीही १०-१० चूक ठरवले आणि त्यातले पाचच समान निघाले, तरी ९० शब्दांवर एकमत दिसतं. बहुतेक शब्द बरोबरच असल्यामुळे डोळे मिटून काटा मारल्या तरी ८२ टक्के जुळणी आपोआप होते: ०.९ गुणिले ०.९ अधिक ०.१ गुणिले ०.१. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला काप्पा हा एकमताचा निर्देशांक ही आपोआपची जुळणी वजा करतो; पूर्ण एकमत असेल तर तो १ येतो. ०.९० वजा ०.८२, भागिले उरलेले ०.१८ (१ वजा ०.८२), उत्तर ०.४४. अशा दोघांना मैदानात पाठवायचं नसतं. त्यांना आणखी दोन रेकॉर्डिंगं ऐकवायची.

दुपारी हेच सगळं वाशीतल्या एका महाविद्यालयात शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर मांडायचं होतं. अपेक्षेप्रमाणे पहिला हात प्राध्यापकांचाच वर गेला: “मग या मुलांना प्रमाण मराठी कधी यायची?” प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर वाचन-चाचणीत शोधू नये. प्रमाण लेखन श्रुतलेखनात तपासा, ण आणि न वेगळे लिहिता येतात का ते बघा, नाही आले तर शिकवा. वाचनाचा वेग मोजताना उच्चाराची परीक्षा घेतली की दोन्ही मोजमापं बिघडतात. अमेरिकेत हा वाद कोर्टापर्यंत गेला होता. मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या खटल्यात १९७९ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की वाचन शिकवताना मुलांची घरची बोली लक्षात घेण्याची व्यवस्था शाळा मंडळाने केली नाही. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लाबोव्ह यांची त्यात साक्ष झाली होती. आपल्याकडे असं प्रकरण कोर्टात जाण्याची वाट बघायची गरज नाही, नोंदपत्रकावर दोन ओळी वाढवल्या तरी चालेल.

मागून एका विद्यार्थिनीने विचारलं, इंग्रजीचे मिनिटाला इतके शब्द असे तक्ते मिळतात, ते मराठीला लावायचे का? अजिबात नाही. ‘झाडाखालच्या’ हा आपल्याकडे एक शब्द. इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात. त्यामुळे मराठी मूल कमी शब्द वाचूनही तेवढाच मजकूर वाचतं. एनसीईआरटीने २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास केला तो २० भाषांत, आणि वाचनाचे निकष प्रत्येक भाषेचे वेगळे ठरवले, ते याचमुळे.

संध्याकाळी नोंदपत्रक बदललं. डाव्या कोपऱ्यात घरच्या बोलीचा रकाना, त्याखाली सहा चित्रकार्डांच्या उत्तरांना जागा, आणि काटेसाठी दोन खुणा: तिरपी रेघ म्हणजे चूक, शब्दाखाली ठिपका म्हणजे घरचा उच्चार. ठिपके चुकांच्या बेरजेत धरायचे नाहीत, पण खोडायचेही नाहीत. पुढे श्रुतलेखन घेणाऱ्या बाईंना ते कामाला येतात. हिंदी घरातली मुलं ‘चाक’मधला च ‘चहा’तल्यासारखा म्हणतात, त्यालाही ठिपकाच, असं बहुमताने ठरलं. दोघींना ते पटलेलं नाही. त्यांच्या चाचण्यांचं रेकॉर्डिंग दुसरा परीक्षक पुन्हा तपासणार आहे.